अक्षत वर्गातला चाकू

जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच वर्ग पडतात: वापरायच्या आणि जपायच्या. पहिल्या वर्गावर संसार चालतो, दुसऱ्यावर संस्कृती. (दोन्हींत न बसणाऱ्या वस्तू माळ्यावर असतात.) हा भेद ज्यांना कळत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि अशी माणसं बहुधा आपल्याच घरात असतात.

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांच्या घरात असं एकच माणूस होतं. बायको.

निरीक्षकांकडे दोनशे चौदा छोटे घडीचे चाकू होते. छोटे म्हणजे मिटल्यावर करंगळीच्या दोन पेरांहून लांब नको. शिंगाच्या मुठीचे, पितळी मुठीचे, माशाच्या आकाराचे, बुटाच्या आकाराचे. एक तर इतका लहान की दाखवायला भिंग लागे आणि शोधायला बायको. एवढ्याशा जिवाला बिजागरी असते, आत स्प्रिंग असते, पात्याला नख लावायची खाचसुद्धा असते. सगळं कसं थोरल्या चाकूसारखं, फक्त उपयोग तेवढा नाही. असा चाकू तळहातावर घेऊन जो विरघळत नाही, त्याने खुशाल कपाटं जमवावीत.

या कामासाठी शहरात रीतसर मंडळ होतं. सभासद एकेचाळीस, सरासरी वय त्रेसष्ट, एकूण चाकू दोन हजार आठशे सत्तर, या सर्व चाकूंनी मिळून आजवर कापलेल्या वस्तू शून्य. हा शेवटचा आकडा अध्यक्ष दर वार्षिक सभेत दोनदा वाचत, आणि दोन्ही वेळा टाळ्या पडत. मंडळाने चाकूंचे तीन वर्ग पाडले होते. कधीच न उघडलेला तो ‘अक्षत’. चुकून एकदा उघडलेला तो ‘क्षमापात्र’ (नमुना चार भरून, कारणासहित). आणि ज्याने काही कापलं तो ‘वापरीव’. वापरीव चाकूच्या मालकाला सभेत बसता येई, पण पंख्याखाली नाही.

निरीक्षकांचा पहिला चाकू शिंपल्याच्या मुठीचा होता. लग्नाला महिना झाला तेव्हा बायकोने तो दिला. दोघं बागेत बाकावर बसली होती. तिने पिशवीतून एक सफरचंद काढलं आणि म्हणाली, “कापा की.” निरीक्षकांनी चाकू उजेडात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला, आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. “अगं, असली वस्तू काय कापायला असते?” ते म्हणाले. बायकोने सफरचंदाचा एक चावा घेतला आणि उरलेलं त्यांच्या हातात दिलं. पुढे एकतीस वर्षं ती दोघं कुठेही निघाली की तिच्या पिशवीत एक सफरचंद असे. बायकोला सफरचंद आवडतं, अशी निरीक्षकांनी मनाशी नोंद केली होती.

“एकदा उघडून तर बघा,” असं ती सुरुवातीला महिन्याला म्हणे, मग वर्षाला. निरीक्षक हसून सोडून देत. वजनमापांच्या नोकरीत त्यांनी असे अडाणी लोक खूप पाहिले होते.

यंदा मंडळाने त्यांना ‘अक्षतभूषण’ द्यायचं ठरवलं. तीस वर्षांहून अधिक काळ न उघडलेल्या चाकूसाठी हा सन्मान होता, आणि तो आजवर कुणालाही मिळाला नव्हता. निरीक्षकांना तो इतका हवा होता की भिंतीवरचा खिळा महिनाभर आधीच ठोकून झाला. अर्जात घरातल्या व्यक्तीचा जबाब आवश्यक होता. बायकोने लिहिलं, “हा चाकू या घरात एकदाही उघडलेला नाही. वाट बघून मी थकले.” समितीने पहिलं वाक्य ग्राह्य धरलं आणि दुसरं विषयाला सोडून आहे म्हणून खोडलं.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहाच्या दारावर लाल फीत ताणून दोन्हीकडे खिळ्यांनी पक्की केली होती. उद्घाटनाला शहरातले नामांकित सर्जन आले होते. चिटणिसांच्या चौऱ्याहत्तर कलमी यादीत खुर्च्या होत्या, हार होते, पाण्याचे पेले होते. कात्री तेवढी नव्हती. चाकूंच्या प्रदर्शनाला कात्री कशाला, असा त्यामागचा विचार होता आणि तो बिनतोड होता.

चाकू मात्र सगळे आत, कुलूपबंद काचेच्या पेट्यांत, आणि किल्ल्याही आतच. वाकून आत जायला एक सभासद निघाले, पण अध्यक्षांनी त्यांना कॉलर धरून मागे ओढलं. निमंत्रणपत्रिकेवर ‘फीत कापून’ असं छापलं होतं. फीत कापली नाही तर उद्घाटन नाही, उद्घाटन नाही तर प्रदर्शन नाही, प्रदर्शन नाही तर त्यात दिलेला सन्मान रद्दबातल. एका सभासदाने दातांनी प्रयत्न केला, पण दात फितीलाच लटकून राहिले. (ते नंतर त्यांना सन्मानपूर्वक परत करण्यात आले.)

त्रेपन्न मिनिटं गेली. मग सर्जनांचं लक्ष निरीक्षकांच्या हातातल्या मखमली उशीकडे गेलं. शिंपल्याचा चाकू मिरवत आत न्यायचा म्हणून तो एकटाच बाहेर होता.

“हा आहे की चाकू!” सर्जन म्हणाले.

चाळीस माणसांनी श्वास रोखला. “साहेब, चाकू आहे,” चिटणीस समजुतीने म्हणाले, “पण कापायचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

या प्रश्नावर उपसमिती नेमावी असं अध्यक्ष सुचवत होते, एवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. “अहो, उघडा आता. गुडघे गेले माझे. एकतीस वर्षं ताटकळतेय मी.”

निरीक्षकांनी वळून पाहिलं. ती हसत नव्हती. निरीक्षकांचं बायकोवर प्रेम होतं. (अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे मंडळाला कल्पना नव्हती.) भिंतीवरचा रिकामा खिळा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यांनी खाचेत नख लावलं. पहिलं नख तुटलं. दुसऱ्या नखाला चाकू कुरकुरत उघडला.

इंचभर पातं लखलखीत होतं. त्यावर कोरलं होतं: ‘अर्धं माझं’.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, “हे तेव्हापासून आहे?”

“नाही, काल रात्री उगवलं!” बायको म्हणाली आणि तिने पिशवीतून सफरचंद काढलं. “तेव्हा सांगितलं असतं तर मजा गेली असती. आणि नंतर म्हटलं, बघू तरी किती वर्षं लावतात.”

आधी सफरचंद कापलं गेलं, मग फीत. फितीला थोडा रस लागला. इतिवृत्तात नोंद आहे: ‘उद्घाटन यथासांग पार पडले, परंतु सन्मानास पात्र व्यक्ती उरली नाही.’ निरीक्षक आता वापरीव वर्गात आहेत, सभेत पंख्यापासून लांब बसतात आणि खिशात सफरचंदाच्या बिया घेऊन हिंडतात. खिळ्यावर बायकोची पिशवी असते. त्या आठवड्यात सतरा सभासदांनी ‘चुकून उघडला’ म्हणून नमुना चार भरला. सोळा पात्यांवर कारखान्याचं नाव निघालं. सतरावे अध्यक्ष होते. त्यांनी काय निघालं ते सांगितलं नाही, पण हल्ली ते सभेतून लवकर घरी जातात.

तुम्ही हसलात, हे ठीकच झालं. मात्र हे पुस्तक उघडून तुम्ही त्याला वापरीव करून टाकलंय, याची मंडळ नोंद घेत आहे. तुमच्या कपाटातली बाकीची पुस्तकं बहुतांशी अक्षत आहेत असं कळतं, त्याबद्दल अभिनंदन. त्यातलं एक तुम्हाला कुणीतरी फार हौसेने दिलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय?