नानांच्या कपाटातली डावी चप्पल

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या जळगावच्या ऑफिसात कुणी डोकावलं, तर त्याला एका पायात चप्पल घालून वावरणारी शहाणीसुरती माणसं दिसत. ही नानांची व्हर्जन कंट्रोलची, म्हणजे प्रोग्रामच्या बदलत्या प्रती सांभाळायची, पद्धत.

नाना आमचे मालक. मूळचे धुळ्याकडचे. केळीच्या आडत्यांना पावत्यांचे प्रोग्राम करून देत. मूळ फ्लॉप्या लोखंडी कपाटात. बदल करायला फाइल नेली की ‘चेक-आउट’. तेव्हा आपली डावी चप्पल कपाटात जमा. तेच ‘लॉक’. चप्पल आत असेपर्यंत त्या फाइलला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. काम आणून दिलं की ‘चेक-इन’, अन् चप्पल परत.

"एका चपलेवर माणूस घरी जात नाही भो," नाना म्हणत. "फाइल आपोआप येते."

चेक-इनला उलटतपासणी व्हायची. "काय बदललं ते सगळं बठ्ठं दिसतंय. का बदललं ते बोल!"

मूळ प्रतीवरून वेगळी प्रत काढली की ती ‘ब्रांच’, म्हणजे नानांच्या भाषेत केळीचं पील, बुडातून फुटून वेगळं वाढणारं. ते परत मूळ प्रतीत मिसळायचं, ते मर्ज.

"पण नाना, पील परत आईत जात नाही."

"म्हणून तर मर्ज अवघड शे!"

पावतीच्या फाइलवर मात्र कायमचं लॉक. तिच्यापायी कपाटात एक डावी कोल्हापुरी होती, आमच्यापैकी कुणाचीच नाही. रावेरच्या एका आडत्याला, भाऊंना, पावतीवर ट्रकचा नंबर हवा होता. खेटे घालून ते वैतागले.

"नाना, एका खेटरापायी माहा धंदा अडवू राह्यले का तुम्ही?"

"लॉक ज्याचं, त्यानंच सोडायचं. हवी तर जुन्या प्रतीवरून ब्रांच काढून देतो."

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मी. ब्रांचही मीच काढली.

संध्याकाळी चेक-इनला गेलो, तर नाना त्या कोल्हापुरीला तेल चोळत बसलेले.

"कुणाची हो, नाना?"

"मना पोऱ्यानी शे. माझ्या लेकाची. इथंच काम करायचा. भांडला माझ्याशी, अन् एका चपलेवरच पुण्याच्या एस्टीत बसला. फाइल घेऊन."

मी आपला शहाणपणा केला. "प्रत आहे की आपल्याकडे. लॉक काढून टाकू या."

नानांनी कोल्हापुरी जपून आत ठेवली.

"काढलं, तर मग त्यानं परत यायचं कशासाठी?"

मग माझी चप्पल माझ्यापुढे सरकवली. का बदललं, ते त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.