चंद्रावरच्या पिल्लांची प्रमाणभाषा

कुत्र्याला वाचा फुटली तर ते कोणत्या बोलीत बोलेल, हा प्रश्न मानवजात आजवर पुढे ढकलत आली आहे. पण जे प्रश्न मानवजातीला झेपत नाहीत, ते सांगली जिल्ह्यात कुणी ना कुणी हौसेने अंगावर घेतोच. हा लालासाहेबांनी घेतला.

लालासाहेब कृष्णाकाठचे बडे बागायतदार. उसाला एकदा पाणी सोडले की माणसाला विचार करायला सवड मिळते. (जिरायती भागात विचारवंत कमी का, याचे उत्तर यातच आहे.) त्यांची नात संयोगिता दिवसभर मोबाईलवर अवकाशात उडणारी परदेशी कुत्री बघायची. एकदा जेवता जेवता लालासाहेब म्हणाले, "आपल्याकडं काय कुत्र्यांचा दुष्काळ पडलाय व्हय? का चंद्र तेवढा परदेशात हाय?" दोन्ही मुद्दे बिनतोड होते. हात धुवायच्या आत 'पिल्लं निघाली चंद्राला' या कौटुंबिक साहसपटाची घोषणा झाली. दिग्दर्शन माधवनगरच्या इंद्रजितकडे आले. त्याने आयुष्यभर लग्नांचे व्हिडिओ काढले होते, त्यामुळे रडणारी, रुसणारी आणि ऐनवेळी गायब होणारी पात्रे त्याला नवी नव्हती.

चित्रपटाची गोष्ट सोपी होती. पिल्लांची आई चुकून रॉकेटात बसते आणि चंद्रावर जाते. दोन गुणी पिल्ले तिला शोधायला निघतात, आणि चंद्रावर राहणारे एक दुष्ट पिल्लू त्यांच्या आड येते.

चंद्र म्हणून कवठे महांकाळ तालुक्यातला एक माळ निवडण्यात आला. (यात तालुक्याचा अपमान करण्याचा हेतू नाही, असा खुलासा कुणी विचारण्याआधीच करण्यात आला.) अडचण एकच होती. अलीकडे माळाच्या खालच्या अंगाला कालवा आल्याने चंद्राच्या एका बाजूला द्राक्षबाग दिसत होती. शेवटी चंद्राची कालव्याकडची बाजू प्रेक्षकांना दाखवायची नाही असे ठरले. खऱ्या चंद्राचेही धोरण हेच आहे.

त्या माळावर नानासो आणि रंगुबाई हे धनगर जोडपे मेंढरे राखत होते. आपण चंद्रावर राहतो याची त्यांना तोवर कल्पना नव्हती. पुण्याहून आणलेली केसाळ, मऊ पिल्ले गाडीतून उतरली, त्यांनी उन्हाकडे पाहिले आणि ती गाडीखाली जाऊन जी झोपली ती परत पुण्याला निघेपर्यंत उठली नाहीत. तेवढ्यात रंगुबाईच्या कुत्रीची तीन पिल्ले कॅमेऱ्याची वायर चावताना इंद्रजितला दिसली. ढवळ्या, कोसली आणि मुंगळ्या. अंगात दम होता, कातडी टणक होती, आणि उन्हाशी त्यांची पिढीजात ओळख होती.

"आजी, तुमची पिल्लं सिनेमात घेतो," इंद्रजित म्हणाला.

"घ्या की," रंगुबाई म्हणाली. "पर सांजच्याला माज्या दारात परत पायजेत. चंद्रावर लय लांब नेऊ नगा."

मुंगळ्या काळा होता, म्हणून तो दुष्ट ठरला. याला कुणाचा विरोध झाला नाही. मुंगळ्याचाही नाही.

पिल्लांची तोंडे बोलल्यासारखी हलवायची कशी, हा शास्त्रीय पेच होता. खूप खल झाला. अखेर टाळूला चिकट गूळ लावला की पिल्लू बराच वेळ तोंड हलवते, असे आढळून आले. सांगलीच्या गुळाचा हा उपयोग बाजारपेठेच्या ध्यानात अजून आलेला नाही. गूळ लावायचे काम रंगुबाईकडे होते. ती प्रत्येकाला मांडीवर घ्यायची, "खा रं माज्या राजा" म्हणायची आणि चंद्रावर सोडायची. नानासो लांबून म्हणायचा, "आगं, मला तरी कवा आसा गूळ भरवलास?" रंगुबाई म्हणायची, "तुमचं तोंड आपसूक हलतंय की."

खरी परीक्षा पुढेच होती. पिल्लांनी बोलायचे कोणत्या भाषेत? लालासाहेबांनी त्यासाठी सांगलीत भाषा समिती नेमली. समितीने चहा घेत घेत विचार केला आणि निर्णय दिला की, चित्रपट मुलांसाठी असल्याने गुणी पिल्लांनी शुद्ध मराठी बोलावे. दुष्ट पिल्लाने गावाकडचे बोलावे, म्हणजे मुलांना चांगले-वाईट यातला फरक कळेल. सर्व सदस्य गावाकडचेच होते. निर्णय एकमताने झाला.

शुद्ध आवाज लगेच मिळाले. मुंगळ्याचा मिळेना. सांगली ही नाटकवाल्यांची नगरी, तेव्हा नट पुष्कळ आले. पण प्रत्येकाच्या तोंडून पिल्लू पौराणिक नाटकातल्या राजासारखे गरजायचे. शेवटी इंद्रजितने रंगुबाईला गाडी पाठवली.

रंगुबाई सांगलीला यापूर्वी दवाखान्यात तेवढी आली होती. तिथल्या खिडकीतली मुलगी तिला दर वेळी "आजी, नीट बोला" म्हणायची, आणि नीट बोलायचे म्हणजे काय ते न कळल्याने रंगुबाई गप्प बसायची. दुखणे मग नानासो सांगायचा, आणि तो भलतेच सांगायचा. म्हणून स्टुडिओच्या खोलीत कानाला यंत्र लावल्यावर तिने आधीच सांगून टाकले, "मला नीट बोलाय येत न्हाई बगा."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," इंद्रजित म्हणाला. "मी सांगतो तसं म्हणा. 'हा हा हा! आता तुमची आय तुमास्नी कवाच घावनार न्हाई!'"

समोर पडद्यावर ढवळ्या आणि कोसली चंद्राच्या धुळीत केविलवाणी बसली होती. रंगुबाईने त्यांच्याकडे पाहिले आणि यंत्र काढून ठेवले.

"मी न्हाई म्हननार. लेकरास्नी आय घावनार न्हाई म्हनू व्हय? जीभ झडंल माजी."

"अहो आजी, मुंगळ्या दुष्ट आहे!"

"कोन म्हनलं? त्येनं आजवर इचारल्याबगर भाकरीला तोंड लावलं न्हाई." तिला खोटे बोलण्याची सवय नव्हती. "एकदा लावलं. पर ती भाकर मीच उगडी ठेवलीवती."

इंद्रजितने हात जोडले. वेळ संपत आली होती, बाहेर वरातीचे गाणे ध्वनिमुद्रित करायला दुसरी मंडळी खोळंबली होती. "बरं, तुमच्या मनाला येईल ते म्हणा. फक्त तोंडाशी जुळवा."

रंगुबाईने यंत्र परत चढवले आणि पडद्यावरच्या पिल्लांना म्हणाली, "रडू नगासा रं. आय हितंच कुटंतरी आसंल. आदी भाकरी खावा, मग समदी मिळून हुडकू."

दुष्टपणा अगदीच कमी पडू नये म्हणून इंद्रजितने त्यापुढे एका नटाचे राक्षसी हसू जोडले.

पहिल्या खेळाला सांगलीत थिएटर भरले. लालासाहेबांनी माईकवरून शुद्ध भाषेत स्वागत केले. (घामाने सदरा भिजला.) रंगुबाई आणि नानासो मागे बसले होते. गुणी पिल्ले पडद्यावर आली आणि "आपण मातेचा शोध घेतलाच पाहिजे" असे म्हणू लागली, तशी पोरांची चुळबुळ सुरू झाली. त्यांना शाळेची आठवण आली असावी. मग भिंतीएवढा काळाभोर मुंगळ्या आला, गुळाने जिभल्या चाटत बोलला, "रडू नगासा रं," आणि सगळे थिएटर गप्प झाले. पुढचे राक्षसी हसू कुणाला ऐकूच गेले नाही, कारण लालासाहेबांची संयोगिता हुंदके देत होती.

एवढी माणसे आपले बोलणे ऐकायला गप्प बसलेली रंगुबाईने जन्मात पहिल्यांदा पाहिली. तिने पदर तोंडाला लावला.

"आगं," नानासो कुजबुजला, "रडाय काय झालं? घावंल त्यांची आय."

"घावंल न्हवं?" रंगुबाई म्हणाली.

महिनाभरात सांगलीतली पोरे मुंगळ्यासारखी बोलू लागली. भरपूर फी भरून ज्यांच्या जिभेवरून 'हाय-न्हाई' खरवडून काढले होते, ती इंग्रजी शाळेतली मुले डबा उघडून एकमेकांना "आदी भाकरी खावा" म्हणू लागली. एका शाळेत पालकांची तातडीची सभा भरली. मुख्याध्यापक टेबलावर हात आपटून गरजले, "आमच्या शाळेत असली भाषा आजिबात चालायची न्हाई!" मग तो ठराव शुद्ध करून लिहिण्यात आला.

समितीने पुन्हा चहा घेतला. मुले दुष्टाचे अनुकरण करीत असतील तर दुष्टालाच शुद्ध करावे, हा तोडगा निघाला. मुंगळ्याचा आवाज एका नामवंत नटाने नव्याने दिला. पहिल्याच खेळाला पोरे खुर्च्यांवर उभी राहून ओरडू लागली, "ह्यो न्हवं! त्यो आना!" थिएटरच्या मालकाने मध्यांतरातच जुनी प्रत लावली, आणि समितीने स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल स्वतःचे अभिनंदन केले.

आता रविवारी सांगलीहून गाड्या भरून लोक चंद्र बघायला येतात. परवा एक चिमुरडी मुंगळ्यापुढे फतकल मारून बसली आणि तो बोलल्याशिवाय उठेना. मुंगळ्या शेपूट हलवत राहिला. आई-वडील कंटाळले. तेव्हा रंगुबाई पाठमोरी झाली आणि तोंडावर पदर ओढून हळूच म्हणाली, "जेवलीस का गं बाय?"

"न्हाई," पोरगी मुंगळ्याला म्हणाली.

"नाही म्हणायचं, बेटा," आई म्हणाली.

"मग ये की," रंगुबाई पदराआडून म्हणाली, "भाकर हाय."

पोरगी उठली ती सरळ रंगुबाईच्या झोपडीत शिरली. मागोमाग आई शिरली, वडीलही शिरले. आत गेल्यावर आई-वडील काय बोलले ते बाहेर नीट ऐकू आले नाही. पण त्यात 'आहे' आणि 'नाही' नव्हते, असे नानासो सांगतो.

ही हकिगत समितीच्या नियमांनुसार शुद्ध मराठीत लिहिली असून रंगुबाईचे बोलणे अवतरणचिन्हांत बंद करून ठेवले आहे, म्हणजे ते सुटून सुशिक्षित वाचकाला लागणार नाही. हे वाचून ज्यांना समितीचे हसू आले, त्यांचे समिती आभार मानते. गावाकडून फोन आला की हे वाचक गॅलरीत जाऊन, दार लोटून घेऊन कोणत्या भाषेत बोलतात, याची समितीकडे माहिती नाही. ती शेजाऱ्यांकडे आहे.