हीरोसाठी पोपटी

मला नटनट्या चेहऱ्यावरून नाही, टायरवरून ओळखता येतात! हसू नका. कुंभिवलीला जुन्या हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान आहे. एक्सप्रेसवे तुंबला की लोणावळ्याला निघालेली सगळी मोठी माणसं खाली उतरतात आणि माझ्यासमोरून जातात. काचा काळ्या असतात, आत कोण बसलंय ते कळत नाही, पण टायर कुठे झाकणार? टायर बघितला की मी सांगतो, हा अमका आणि ही तमकी.

एवढं ज्ञान असून बायकोला आजवर एकही नट दाखवू शकलो नव्हतो. आमची जयवंता एका हीरोवर फार जीव टाकते. त्याचं नाव सांगत नाही. जे झालं त्यानंतर त्याची फुकट जाहिरात मी का करू? त्यातच तिच्या भावजयीला गेल्या वर्षी वांद्र्याच्या एका गॅलरीत एका नटाची पाठ दिसली. नुसती पाठ! त्या पाठीवर बाईनं वर्षभर प्रत्येक हळदीकुंकवाला भाव खाल्ला. जयवंता ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

शेवटी मी छातीवर हात मारला. "उद्या दुकान बंद! तुला मुंबईला नेतो. तुजा हीरो तुला तोंडानं दाखवतो, पाठीनं नाय. नाय दाखवला तर सहदेव नाव लावनार नाय!"

सकाळी मी जीन घातली, गॉगल लावला. आदल्या दिवशीच केसांना कलप केला होता. मुंबईत आपण गावठी दिसता कामा नये! आणि बाहेर येऊन बघतो तर जयवंताच्या कमरेवर मडकं. काळंकुट्ट, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबलेलं.

"ह्ये काय गं?"

"पोपटी. पहाटंच जाळात लावली. वालाच्या शेंगा, बटाटं, अंडी."

"आपन फिराया चाललोय!"

"अवो, कुनाच्या दारात रिकाम्या हातानं जातात का? त्या बिचाऱ्याला हितं कोन घालतंय पोपटी?"

ज्याच्या एका जेवणात आमचं अख्खं घर जेवेल तो बिचारा! पण थंडीच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्याला पोपटी दिली नाही तर तो अपमान समजतात, तेव्हा मडक्यासकट निघालो. खालापूरला एसटी धरली. मडक्यामुळे कंडक्टर तीनदा विचारून गेला की गळत नाही ना. बाकी गाडीला वास आवडला. पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ तर पनवेलपर्यंत मागेच वळून बसला होता.

मुंबईत रिक्षावाल्याला सांगितलं, "बाबा, सगळ्या नटांची घरं दाखव." त्यानं दाखवली. म्हणजे काय दाखवलं? भिंती! "ये उसका बंगला." भिंत. "ये उसकी बीवी का." भिंत. भिंतीवर तारा, तारांवर कॅमेरे. अहो, कंपाउंडच बघायचं तर आमच्याकडे एमआयडीसीत काय कमी आहेत? लोक मात्र त्या भिंतींपुढे उभं राहून फोटो काढत होते. मी समुद्र दाखवला, तर जयवंता म्हणाली, "समुद्र अलिबागला बी हाय. हीरो कुठंय?"

दुपारी हीरोच्या गेटवर पोचलो. ही गर्दी! सगळ्यांच्या माना वर आणि मोबाइल त्याहून वर. जयवंतानं ऊन लागतं म्हणून डोक्यावर पदर घेतला आणि मडकं सांभाळत थेट वॉचमनसमोर जाऊन उभी राहिली.

"क्या है इसमें?"

"साहेबांसाठी हाय. शेंगा, बटाटे, अंडे."

"अंडे?" वॉचमन दोन पावलं मागं सरला. "अंडे मारने आए हो?"

त्याच महिन्यात हीरोचा सिनेमा पडला होता, हे आम्हाला काय माहीत! त्यानं शिट्टी फुंकली. आणखी दोघं धावत आले. एकानं काठीनं पाला उचकटला, आत वाकून बघितलं, हुंगलं, आणि त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. पण आत सोडलं नाही ते नाहीच. "उधर जाके खडे रहो!"

आम्ही उधर जाऊन खडे राहिलो. बायकोचे डोळे भरले होते. गॉगलच्या आत माझेही. आता सहदेव नाव सोडून दुसरं कोणतं घ्यावं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात तिथं उभ्या असलेल्या एका व्हॅनमधून एक पोरगेलासा माणूस उडी मारून उतरला. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव ऋषिकेश, आणि कानाला फोन.

"आलात एकदाचे! किती वेळ? मडकंपण आणलंत? वा, मावशी! चला, बसा पटकन, हीरो कधीच पोचलाय!"

मी विचारलं, "हीरो भेटंल ना नक्की?"

"भेटेल म्हणजे? तुमच्या हातचं खाणार आहे आज!"

जयवंतानं माझ्याकडे जे बघितलं, तसं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. वॉचमननं आत वर्दी दिली असणार, हीरोनं निरोप पाठवला असणार, माझी तर खात्रीच पटली. आम्ही चढलो. आत आणखी दहा-बारा माणसं बसली होती. मला वाटलं, हीही पाहुणेच असतील.

व्हॅन निघाली. वाशी गेली. मी म्हटलं, हीरो नव्या मुंबईत असेल. पनवेल गेलं. मी चुळबुळायला लागलो. जयवंतानं कोपर मारलं. "गप बसा. मोठी मानसं एका ठिकानी बसत्यात का?" मग व्हॅन जुन्या हायवेला लागली, चौक गेलं, आणि डोळ्यांदेखत आमचं कुंभिवली आलं. माझं दुकान! बंद शटरसमोर एक ट्रेलर उभा, मागचा टायर बसलेला, आणि ड्रायव्हर माझ्या बोर्डाकडे बघून हातवारे करतोय. मला माझ्याच गिऱ्हाइकासमोरून पळवून नेत होते!

"थांबवा! माजं दुकान हाय!"

"काका, आता थांबणं नाही. ऊन उतरलं की शूटिंगचा लाइट जाईल."

कर्जतच्या अलीकडे एका माळावर व्हॅन थांबली. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर! माळावर कुडाची घरं, शेणानं सारवलेली अंगणं, एक तुळस आणि भाड्यानं आणलेली एक म्हैस. सिनेमासाठी खोटं गाव बांधलं होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सिनेमात गर्दीची कामं करणाऱ्या माणसांना हीरोच्या गेटवरून गोळा करून नेणारी ती व्हॅन होती. गावातल्या म्हाताऱ्या जोडप्याचं काम करणारे दोघं यायचे होते ते आले नाहीत, आणि मडकं बघून आम्हाला उचललं होतं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर जयवंतानं माझा दंड धरला. "एक अक्षर बोललात तर बघा! हीरो हितं हाय."

डायरेक्टरीणबाई आल्या. जयवंताकडे बघून म्हणाल्या, "एकदम खरी!" मग माझ्याकडे बघितलं. जीनकडे, गॉगलकडे, कलपाकडे. "आणि हे कोण?"

"नवरा," ऋषिकेश म्हणाला.

"काका, एक वाक्य म्हणून दाखवा. 'आम्ही गरीब माणसं, साहेब.'"

"आमी गरीब नाय, बाई! माजं हायवेला दुकान हाय, कॉम्प्रेसर हाय..."

"नुसतं म्हणा हो!"

म्हटलं. "आमी गरीब मानसं हाव, सायेब."

बाईंनी मान हलवली. "नाही जमत. भाषा खोटी वाटते. गावाकडचं नाही वाटत."

माझी भाषा खोटी! खालापूर तालुक्यात जन्मलो, इथंच म्हशी राखल्या, इथंच दात पडायला लागले, आणि मी गावाकडचा नाही! मी भांडलो. आवाज चढवला. तर त्यांनी मला दोरीपलीकडे, जनरेटरच्या मागे नेऊन बसवलं. आणि माझ्या जागी कुणाला घेतलं? अंधेरीच्या एका पहिलवान गड्याला! त्याला धोतर नेसवलं, मुंडासं बांधलं, तोंडाला काळं फासलं, नाकाखाली हातभर मिशी चिकटवली आणि माझ्या बायकोशेजारी माझा नवरेपणा देऊन बसवलं. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. "डबिंग में हो जाएगा," म्हणे!

जनरेटरच्या घरघरीत मला काही ऐकू आलं नाही, आणि दिसलं तर काहीच नाही. संध्याकाळी जयवंता आली ती पावलं जमिनीला न लावता.

"अवो, चार येळा घेतला सीन! चारी येळा खाल्लं त्यानं. बाई म्हनाली, नुसतं खाल्ल्यासारकं करा. त्यो म्हनाला, नाय, मी खानार! आखरीला मडकं घासून खाल्लं. आनि जाताना आमच्या पाया पडला!"

"आमच्या म्हंजे कुनाच्या?"

"माज्या आनि... त्याच्या."

फोटोही दिला त्यांनी. मोठा, चकचकीत. त्यात जयवंता आहे, रिकामं मडकं आहे, शेजारी तो मिशीवाला उपरा आहे आणि दोघांच्या पायांवर वाकलेला हीरो आहे. जयवंतानं तो फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावला. मी काढायला सांगितला, तर म्हणाली, "तुमाला बघवत नसंल तर तुमी दुसरीकडं बसा." भावजय येऊन बघून गेली आणि चहा न पिता गेली. मी मात्र महिनाभर त्या भिंतीकडे पाठ करूनच जेवत होतो.

परवा खालापूरहून आमच्या मुलीचे होणारे सासरे आले. मोठी माणसं, यायची दुसरीच खेप. दारातच थबकले, फोटो बघितला, हीरो ओळखला, आणि त्यांचा आ वासला.

"व्याही! एवढा मोठा मानूस तुमच्या पाया पडतोय? आनि बोलला नाय कदी!"

मी सगळं खरं सांगणार होतो. शप्पथ! तोंड उघडलंही होतं.

"पन मिशा झकास होत्या तुमच्या," ते म्हणाले. "का काढल्या?"

मी जयवंताकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती.

"उन्हाळ्यात गरम होतं," मी म्हणालो.

आता लग्नाला दोन महिने आहेत आणि मी मिशी वाढवतोय. खाज फार सुटते हो!