ढोल्याचा वेग

टक्कीला फुटबॉलच्या संघात नोकरी लागली. तात्पुरती का होईना, पण आकडेतज्ज्ञ म्हणून! टक्की हे तिचं घरातलं नाव, कारण आमटीत मीठ कमी पडलं तरी ती टक्क्यांत सांगायची.

"संख्याशास्त्र शिकून चेंडूमागे धावणार?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"चेंडूमागे खेळाडू धावतात, बाबा. मी बसून त्यांना ओळखते. असा हिरा शोधून देते, की सगळे तोंडात बोटं घालतील!"

सरावाच्या वेळी प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र असायचं. कोण किती धावला, किती वेगात, सगळं त्यात नोंदलं जायचं. आठवडाभरात टक्कीला हिरा सापडला. सगळ्यांत जास्त धावणारा, सगळ्यांत वेगवान खेळाडू होता... ढोल्या!

"ढोल्या?" प्रशिक्षक ओरडले. "अहो, तो बुटाची नाडी बांधली तरी धापा टाकतो!"

"तुमच्यासमोर टाकत असेल, सर. आकडे बघा!"

प्रशिक्षकांनी आकडे बघितले. घाटात फसलेल्या ट्रकसारखा सुस्कारा सोडला आणि रविवारच्या सामन्यात ढोल्याला थेट आघाडीला उभं केलं. वर्षभर बाकावर बसून बाकाचा आकार घेतलेला ढोल्या! त्याचे डोळेच भरून आले. त्याने आईला सामना बघायला बोलावलं. आईने शेजारणींना बोलावलं. संघाच्या अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावलं!

शिट्टी वाजली. ढोल्याकडे पास आला. ढोल्या निघाला. चेंडू पुढे गेला, प्रतिस्पर्धी पुढे गेले, पंचसुद्धा पुढे गेले! "पळ रे, राजा!" आई घसा ताणून ओरडत होती. राजा मध्यंतरापर्यंत गवतावर आडवा झाला होता आणि त्याला उचलायला चौघं लागले. प्रेक्षक हसू लागले, तशी आईने हातातली पिशवी तोंडासमोर धरली.

टक्कीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"हा ढोल्या घरी कसा जातो?" सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी विचारलं.

"सायकलने," कोणीतरी म्हणालं.

"यंत्र काढून?"

टक्कीने आकड्यांशेजारच्या वेळा बघितल्या. ढोल्याचा सगळा वेग सराव संपल्यानंतरचा होता!

"एकदा त्याला नुसतं विचारलं असतंत," प्रशिक्षक हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर परवडलं असतं. "नोकरीचं उद्या बोलू. आधी त्याला भेटून या."

ढोल्या कपडे बदलायच्या खोलीत पाय पसरून बसला होता. टक्कीने मान खाली घालूनच सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं, ताई," ढोल्या म्हणाला. "यंत्र काढायचा मला कंटाळा यायचा."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या. म्हटलं, माझ्यात काहीतरी दिसलं असेल तुम्हाला. आजवर कुणाला दिसलं नव्हतं."

तेवढ्यात ढोल्याची आई आत आली आणि तिने टक्कीचे दोन्ही हात धरले. "तुम्हीच ना त्या? आज त्याचं पोट बिघडलं होतं हो. पुढच्या वेळी बघा कसा पळतो! कधी आहे पुढचा सामना?"

"बघते... सांगते..." असं काहीतरी पुटपुटत टक्कीने हात सोडवले, समोरचं दार उघडलं आणि बाहेर पडून धाडकन लावून घेतलं.

ते दार चेंडू ठेवायच्या कोठडीचं होतं. मायलेक घरी जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.