पाहुण्या यंत्राचा गुरुवार

घड्याळजींच्या दुकानाचा परवाना शुक्रवारी संपत होता. तो वेळेत नवा झाला नाही तर शनिवारी दुकानाला सील लागणार होतं, आणि बेचाळीस वर्षं दुकानात बसलेला माणूस दिवसभर घरात बसणार होता. या दुसऱ्या संकटाची धास्ती त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोला जास्त होती.

अर्ज भरायला परवाना कार्यालयाचा एक प्रोग्राम होता. तो नव्या संगणकांवर उघडत नसे. तशा तक्रारी आल्यावर कार्यालयाने सखोल विचार करून परिपत्रक काढलं : प्रोग्राम बदलण्यात येणार नाही, अर्जदारांनी आपापल्या संगणकाच्या आत एक जुना संगणक बसवून घ्यावा.

सुनेने तो सोमवारी बसवला. पडद्यावर एक चौकट उघडली आणि चौकटीत जुना संगणक सुरू झाला.

"बाबा, आपला संगणक यजमान आणि हा आतला पाहुणा. तो खरा नाही, पण त्याला वाटतं आपण खरे आहोत."

"असे पाहुणे खूप बघितलेत मी," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

अर्जाच्या तिसऱ्या पानावर, 'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यात घड्याळजींनी 'घड्याळ' एवढं लिहिलं आणि पाहुणा कोसळला. चौकट काळी झाली. पुन्हा सुरू केला, तर तो पहिल्या पानापासून नाव विचारू लागला.

सुनेने मदतकेंद्राला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"काका, पाहुण्याला मेमरी किती दिलीय?" तिकडच्या बाईंनी विचारलं.

"आठातली एक."

"एवढ्याशात त्याचं कसं भागेल? वाढवा."

घड्याळजींच्या घरात पाहुण्याला हात आखडून वाढायची रीत नव्हती. त्यांनी सात दिल्या. पाहुणा तरतरीत झाला आणि यजमानाने डोळे पांढरे केले. आता सगळा संगणकच बंद पडला.

"अहो काका, निम्मी निम्मी द्यायची," बाई म्हणाल्या. "आणि कोसळल्याची नोंद आम्हाला पाठवा."

"ती कुठं असते?"

"पाहुण्याच्या आत."

"पण तो तर उघडत नाहीये."

"उघडला की पाठवा."

"उघडला तर मी अर्ज भरीन. तुम्हाला कशाला त्रास देईन?"

हा प्रश्न बाईंच्या यादीत नसावा. "काका, प्रत्येक प्रयत्नाआधी स्नॅपशॉट घेत चला. म्हणजे यंत्राचा त्या क्षणाचा फोटो. कोसळलं की तिथूनच पुढे जाता येतं."

सल्ला चोख होता. मेमरी निम्मी निम्मी झाली, आणि बुधवारी घड्याळजी पाचव्या पानापर्यंत पोहोचले. त्यांचा हात मुळातच नेटका. एक रकाना भरायचा, एक स्नॅपशॉट घ्यायचा, असं त्यांनी चालवलं. पण गुरुवारी पाहुणा रकाना भरायच्या आधीच कोसळू लागला. मदतकेंद्राने स्नॅपशॉट वाढवायला सांगितले. ते वाढवले, तसं कोसळणंही वाढलं. दुपारी तक्रार बंद झाल्याचा निरोप आला. कारण : अर्जदाराने नोंद पाठवली नाही. याविरुद्ध दाद मागायचा अर्ज त्याच प्रोग्राममध्ये, नवव्या पानावर होता.

शुक्रवारी सून कामावर गेली नाही. दोन तास तिने यंत्राचा कोपरा न् कोपरा धुंडाळला.

"बाबा, सापडलं. एकशे बारा स्नॅपशॉट झालेत. त्या फोटोंनीच डिस्क भरलीय. त्याला पाय टेकायला जागा नाही उरली."

"म्हणजे पडू नये म्हणून जे केलं, त्यानंच पडत होता?"

"हो ना. जुने पुसले की झालं."

जुने स्नॅपशॉट पुसले. पाहुणा शहाण्यासारखा चालू लागला. पावणेपाचला परवान्याच्या अर्जाचं शेवटचं पान भरून झालं. घड्याळजींनी डोळे मिटून 'सादर करा' दाबलं. उत्तर आलं : कार्यालयाचे यंत्र प्रतिसाद देत नाही.

शनिवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. समोरच्या पायरीवर बसून सील लावणाऱ्यांची वाट पाहिली. कोणी आलं नाही. सोमवारी दहाच्या ठोक्याला ते सुनेला घेऊन कार्यालयात हजर झाले. खिडकीशी पंधरावीस माणसांची रांग होती, आणि आश्चर्य म्हणजे कोणाचीच कुरकुर नव्हती.

"साहेब, मुदत शुक्रवारी संपली," घड्याळजी खिडकीशी पोहोचल्यावर म्हणाले. "पण मी प्रयत्न—"

"कोण म्हणतं संपली?" कारकुनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. चौकटीतलं यंत्र थिजलेलं होतं. कोपऱ्यात गुरुवार, अकरा वाजून वीस मिनिटं.

"आज सोमवार आहे ना?"

"बाहेर. कार्यालय यंत्रातली तारीख धरतं. तुमची मुदत उद्यावर आहे. सील लावायची यादीही यातूनच निघते, ती निघालेली नाही." त्याने कागदावर 'मुदत शिल्लक' असा शिक्का मारला. "तक्रार वर कळवली आहे. त्यांनी नोंद मागितली आहे."

"अहो, असं झालं कसं पण?"

"काय माहीत. आम्ही तर नियमाप्रमाणे दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट घेतो."

सून चटकन पुढे झाली. "अहो, मग त्याचं कारण अगदी—"

घड्याळजींनी तिचं मनगट धरलं. पहिल्यांदाच.

"काही म्हणत होता का?" कारकुनाने विचारलं.

"नाही, नाही," घड्याळजी म्हणाले. "यंत्र चांगलं आहे. उगाच कोणाला हात लावू देऊ नका."

बाहेर पडताना सून पुटपुटली, "बाबा, दोन मिनिटांचं काम होतं." रांगेतल्या बेकरीवाल्याने ते ऐकलं आणि तो खाली वाकून म्हणाला, "हळू बोला ताई. आम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे."

आता तुम्हालाही माहीत आहे. कार्यालय दहा ते पाच उघडं असतं, खिडकी तळमजल्यावरच आहे, आणि जाऊन सांगायला कोणाची ना नाही. फक्त निघण्याआधी कपाट उघडून आपल्या कागदांवरच्या मुदती एकदा पाहून घ्या.