‘घर’ लिहिलेल्या कॅसेटी

केरळातल्या चावक्काडच्या किनाऱ्यावर बीपात्तुम्माचा शब्द म्हणजे भरतीचे पाणी. ते आले की होड्यांनी निमूट वर सरकायचे; का आलात, असे विचारायचे नाही. त्यामुळे शुक्रवारच्या जेवणानंतर तिने जाहीर केले की, “ह्यांच्या कॅसेटी मी घरातल्या घरात फोनमध्ये उतरवणार, आणि पहिल्या वर्षाच्या दुआला सगळ्यांना ह्यांचा आवाज ऐकवणार,” तेव्हा ते कसे जमणार, हे कोणीही विचारले नाही.

कॅसेटी सापडल्या होत्या तिच्या नवऱ्याच्या, मोयतुण्णींच्या, दोहाच्या नोकरीवरून आणलेल्या ट्रंकेत, त्यांना मातीआड केल्यानंतर. दुधाच्या भुकटीचा मोठा डबा, त्यात खच्चून भरलेल्या कॅसेटी, आणि प्रत्येकीवर त्यांच्या गोल अक्षरात एकच शब्द: ‘घर’. बीपात्तुम्माने अर्थ तत्क्षणी लावला. त्या काळी दोहातली माणसे पत्राऐवजी कॅसेटीत बोलत आणि गावाकडे निघालेल्या कोणाच्या तरी पेटीत ती टाकून देत. नेणारा मिळाला नाही, की बोललेले तिथेच पडून राही. म्हणजे ह्या घरी धाडायच्या राहून गेलेल्या कॅसेटी! मोयतुण्णी जन्मभर मोजके बोलले, आणि त्यातलेही निम्मे विहिरीच्या पंपाविषयी. उरलेले सगळे या डब्यात होते तर. नवरा गेल्यापासून बीपात्तुम्माने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. ते ऐकल्यावरच रडायचे, असे तिने ठरवले होते.

घरातच राहणारी तिची विधवा नणंद सैनबा हिने बाजारातल्या स्टुडिओवाल्याचे नाव सुचवून पाहिले.

“नवऱ्याने बायकोला सांगितलेलं स्टुडिओवाल्याने आधी ऐकायचं?” बीपात्तुम्माने विचारले, आणि विषय मिटला.

काम जावयाकडे आले. हुसैनकुट्टी कोझिकोडचा, ज्ञान अमाप, फक्त वायर नव्हती. टेपरेकॉर्डर त्याने कोणाकडून तरी मागून आणला, पण तो फोनला जोडणार कसा?

“मोने, लेका, होडी आणलीस आणि वल्हं विसरलास,” सासू म्हणाली.

त्याने मग टेपरेकॉर्डरच्या तोंडाशी आपला फोन उभा केला. टेप बोलेल, फोन ऐकून ठेवेल. खोलीत दुसरा आवाज मात्र नको, असे त्याने भीत भीत सांगितले. दुसरा आवाज होणार नाही, असे बीपात्तुम्माने त्याला शांतपणे सांगितले.

कुकरची शिट्टी काढून ठेवण्यात आली. बदके केळीत हाकलण्यात आली. ‘कूऽय’ अशी आरोळी ठोकत येणाऱ्या मासेवाल्याला फाटकातच बसवून सुलैमानी चहा पाजण्यात आला. एक पेला संपला की दुसरा. एवढी शांतता त्या घरात मोयतुण्णी गेले त्या दिवशीही नव्हती.

कॅसेट फिरू लागली. विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, घोगरा आवाज आला. शब्द लागत नव्हते. लागला तो एकच: “सैऽऽनऽऽबाऽऽ...”

“इक्का,” असे म्हणून सैनबा टेपरेकॉर्डरकडे सरकली. भावाने पहिले नाव तिचे घेतले होते! बीपात्तुम्माला ते नाही म्हटले तरी टोचलेच. पण आवाज तर त्यांचा होता. ओढणीत तोंड खुपसून ती रडली, वर्षभराचे साचलेले सगळे रडली. हुसैनकुट्टीने तेवढा तुकडा दुबईला मेहुण्यांकडे पाठवला. थोरल्याने रडतच फोन केला, की उप्पांचा आवाज आपण विसरत चाललो होतो. धाकटाही रडला, पण रडून झाल्यावर त्याने विचारले, की उप्पांचा घसा इतका का बसला होता?

तेव्हा जावयाने टेपरेकॉर्डर उघडला. आतला रबरी पट्टा सैल पडल्यामुळे फीत निम्म्या वेगाने रखडत होती. सासूच्या औषधाच्या डब्याचे रबर काढून त्याने तिथे चढवले आणि तीच कॅसेट पुन्हा लावली.

“सैनबा भांड्याला हात लावत नाही. सकाळ झाली की आरशासमोर! तुमच्या उम्माला सांगितलं तर मलाच...”

आवाज सुरीसारखा लखलखीत होता, आणि तो तरुणपणीच्या बीपात्तुम्माचा, तेव्हाच्या बीपात्तूचा होता. मघाशी ज्या आवाजासाठी अख्खे घर रडले, तोही तिचाच होता.

मग सैनबा म्हणाली, “आरशासमोर मी बसायचे, ते खरंय, इत्तात्ता. पण भांडी घासून बसायचे.”

“ते पुढच्या कॅसेटीत असेल,” बीपात्तुम्मा म्हणाली.

पुढच्या कॅसेटीत ते नव्हते. तिथे गळक्या कौलांची तक्रार होती. त्यापुढच्या कॅसेटीत थोरल्याचा गोवर, नंतर साबणाचा वास लागलेली चहाची पत्ती, आणि मग पुन्हा सैनबा. कॅसेटीमागून कॅसेट, सगळीकडे बीपात्तूच बोलत होती, आणि ती ऐकता ऐकता बीपात्तुम्माला आठवले. नवी कॅसेट कशाला वाया घालवायची, म्हणून त्यांची कॅसेट ऐकून झाली की तिच्यावरच ती आपले उत्तर बोलत असे आणि परत धाडून देत असे. तुम्हीही माझ्या बोलण्यावरच बोला, असे तिने त्यांना बजावले होते. मोयतुण्णींनी जन्मात तिची एवढी एकच आज्ञा मोडली. ते दर वेळी नवी कॅसेट आणत, आणि तिची जपून ठेवत. ‘घर’ म्हणजे घरी धाडायचे नव्हे, घरून आलेले.

“म्हणजे ह्यांचा आवाज मीच पुसला,” ती म्हणाली. जावई खाली मान घालून उगाच रबर चाचपत राहिला.

तरीही तिने एकही कॅसेट सोडू दिली नाही. डब्याच्या तळाशी शेवटची निघाली. धाकट्याच्या जन्माला मोयतुण्णी येऊ शकले नव्हते, तेव्हाची. “मुलगा झाला. मला तुमच्याशी काही बोलायचं नाही,” त्यांचे बोलणे न ऐकताच एवढेच म्हणून बीपात्तूने रागाने बटण दाबले होते. तिच्या हातून पुसायची राहिलेली फीत ती तेवढीच.

खट्ट असा आवाज झाला. मग कोणी खोकले, आणि एक बारीक, संकोचलेला आवाज आला.

“...पंप दुरुस्त करून घे. मी बरा आहे. बीपात्तू, खोलीतले सगळे झोपलेत, म्हणून सांगतो...”

सैनबाला हुंदका आला.

“गप्प बसा सगळे!” बीपात्तुम्मा गरजली.

त्याच क्षणी रबर निसटले. टेपरेकॉर्डरने फीत गिळायला सुरुवात केली, आणि जावयाने ती ओढून काढेपर्यंत तिचा पापडासारखा चुरा झाला. उरले ते फोनमध्ये होते. मोयतुण्णी सांगायला लागतात, आणि त्याच जागी तिचा आवाज येतो. शेवटी ती स्वतः बाजारात गेली आणि स्टुडिओवाल्यासमोर बसली. कानाला यंत्र लावून तो पुष्कळ वेळ ऐकत होता. “खाली ते काहीतरी म्हणतात, उम्मा,” तो अदबीने म्हणाला, “पण वर तुम्ही आहात.”

दुआच्या दिवशी दुबईहून मुले आली. घर पाहुण्यांनी भरले. शब्द दिला होता, म्हणून फोन लावण्यात आला. पंप, मी बरा आहे, बीपात्तू, सगळे झोपलेत, म्हणून सांगतो... आणि “गप्प बसा सगळे!” त्यासरशी उभे असलेले पाहुणे सवयीने पटापट खाली बसले. नातवंडे खिदळली.

“इक्काचा संसार अगदी जसाच्या तसा उतरलाय,” सैनबा डोळे पुसत म्हणाली.

बीपात्तुम्मा तिला रागावली नाही. “पुन्हा लाव,” तिने जावयाला सांगितले, आणि या वेळी ओढणीचे टोक दोन्ही हातांनी तोंडावर घट्ट दाबून धरले.

फोनमधली बीपात्तुम्मा मात्र त्याच जागी, न चुकता गरजली.