अर्धा गार्ड आढळून आला

नगरपालिकेच्या प्रत्येक सभागृहात किमान एक गार्ड असलाच पाहिजे असा नियम आहे, आणि नियमात काही चूक नाही. आमच्या वस्तीतल्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर असंच एक सभागृह आहे. तिथे मेस्त्रे वाल्देसिर, म्हणजे आमचे गुरुजी, जिउ-जित्सू ही जमिनीवरची कुस्ती शिकवत. रिओच्या या टोकाला समुद्र दिसत नाही आणि बसही वेळेवर दिसत नाही. तेव्हा लोक संध्याकाळी कुस्तीचा जाडाभरडा किमोनो चढवून एकमेकांना चटईवर लोळवतात आणि शांत डोक्याने घरी जातात. चोरण्यासारखं तिथे काहीच नाही. घामट चटया कोण नेणार?

तपासणीला एव्हेराल्दो साहेब आले. आमच्याकडे टाय लावणाऱ्या कुणालाही डॉक्टर म्हणण्याची पद्धत आहे; या डॉक्टरांनी जन्मात कुणाचा साधा खोकलाही बरा केलेला नव्हता. त्यांनी विचारलं, "गार्डची काय व्यवस्था?"

मेस्त्रेंची छाती फुगली. "डॉक्टर, हाफ गार्डसाठी तर आमचं नाव आहे. अख्ख्या गार्डच्या नादी आम्ही फारसं लागत नाही."

इथे एक खुलासा करणं भाग आहे. आमच्या भाषेत पहारेकऱ्यालाही गार्ड म्हणतात आणि कुस्तीतल्या पवित्र्यालाही. हाफ गार्ड म्हणजे आपण पाठीवर, समोरचा आपल्या अंगावर आणि त्याचा एक पाय आपल्या दोन पायांच्या कात्रीत. मेस्त्रे पवित्र्याबद्दल बोलत होते. डॉक्टरांनी मनातल्या मनात पहारेकऱ्याचे दोन तुकडे केले, कॉफी प्यायली आणि ते निघून गेले.

मग नोटीस आली. "सदर सभागृहात केवळ अर्धा गार्ड आढळून आला. उर्वरित अर्धा तात्काळ हजर करावा, अन्यथा सभागृहास कुलूप लावण्यात येईल." मेस्त्रेंना दुसरी जागा नव्हती आणि आम्हाला दुसरे मेस्त्रे नव्हते.

बिचारे कचेरीत समजावायला गेले, आणि तिथेच घोटाळा झाला. वरच्याने अडकलेला पाय सोडवून घेतला की गार्ड पास झाला, असं त्यांनी सांगितलं. बाबूने विचारलं, कुणाच्या सहीने? मेस्त्रे म्हणाले, सही लागत नाही, रोजच होतो. दुसरा डाव सांगताना त्यांनी उत्साहाने हातवारे केले: खालचा माणूस वरच्याला उलथवतो आणि त्याच्या छातीवर जाऊन बसतो. हे ऐकून विभागप्रमुखांनी चष्मा काढला. खालचा वर? ज्येष्ठता न पाहता? तेही नगरपालिकेच्या छताखाली? प्रकरण गंभीर असल्याचं ठरलं आणि प्रत्यक्ष पाहणीचा हुकूम निघाला.

पाहणीला पुन्हा एव्हेराल्दो डॉक्टरच आले. प्रात्यक्षिकाला मेस्त्रेंनी नेउझाबाईंना पुढे केलं. या बाई शाळेत पोरांचं जेवण रांधतात. गुडघे कामातून गेलेत, पण त्यांच्या हाफ गार्डमध्ये सापडलेला खाटीकसुद्धा देवाचं नाव घेतो. बाई चटईवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "या डॉक्टर, लाजू नका. माझी तीन नातवंडं आहेत." डॉक्टर टायसकट गुडघ्यावर टेकले. क्षणात त्यांचा उजवा पाय बाईंच्या कात्रीत गेला. त्यांनी ओढून पाहिला, रेटून पाहिला, मग धापा टाकत ते थांबले.

"आता मी काय करायचं?"

"पाय सोडवा. नाहीतर मी उलथवते."

"आणि दोघांनीही काहीच नाही केलं तर?"

"तर पंच ओरडतो. गुण कापतो."

डॉक्टरांनी मान वर केली. "इथे पंच कोण?"

"इथे तुम्हीच, साहेब," मेस्त्रे म्हणाले.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी त्याआधी फक्त आंघोळ घातलेल्या बाळांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आपण वर आहोत, पण पुढे सरकायची सोय नाही. अडकलोय, म्हणून जबाबदारी नाही. शिवाय घाम येतोय, म्हणजे काम चालू आहे. उभी नोकरी त्यांनी याच पवित्र्यात काढली होती. त्याला नाव आहे हे त्यांना आज कळलं.

नोटीस मागे घेण्यात आली. उलट सगळ्या कर्मचाऱ्यांना, कचेरीच्या वेळेत, हाफ गार्डचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अभ्यासक्रमात फक्त बचाव ठेवला. गार्ड पास करणं आणि उलथवणं दोन्ही वगळलं, कारण त्या दोन्हींमुळे प्रकरण निकाली निघतं. प्रशिक्षणासाठी आमचं सभागृह कायमचं राखून ठेवलं. मेस्त्रेंना 'बाहेरील व्यक्ती' ठरवून शिकवण्याची मनाई झाली. आणि आम्ही आत घुसू नये म्हणून दारात गार्ड नेमला. पूर्ण.

हा अन्याय होता, आणि सगळी वस्ती तसं म्हणतही होती. नेउझाबाईंनी तक्रार लिहिली आणि सह्यांसाठी दारोदार फिरल्या. पाववाल्याने त्यांना बसवलं, ताजा पाव दिला, डोळे पुसले. पण त्याच्या दुकानाचा परवाना विभागात पडून होता. सांबा मंडळाच्या अध्यक्षाने मूठ आवळली. पण कार्निव्हालच्या मिरवणुकीची परवानगी यायची होती. खाटकाचं गटार, शिक्षिकेची बदली. माझ्या वरच्या खोलीचा नकाशाही तिथेच होता, आणि मंजुरी अगदी होतच आली होती, असं मला तिथल्या माणसाने शपथेवर सांगितलं होतं.

बाई सगळ्यांच्या दारातून एकट्या स्वतःच्या सहीनिशी परत आल्या. मेस्त्रे जिन्यावर बसले होते, मांडीवर किमोनोची घडी घेऊन. त्यांच्या शेजारी टेकत त्या आम्हाला म्हणाल्या, "मेल्यांनो, एवढी वर्षं लोळलात, पण आपला पाय कुणाच्या कात्रीत आहे हे अजून कळत नाही होय रे?"

तो कागद अजून माझ्याकडे आहे, आणि खाली भरपूर जागा मोकळी आहे. वाचता वाचता तुम्हाला आमची कीव आली असेल, तर घ्या पेन, करा सही. नाही, नाही, घाई नाही. आधी नीट आठवून बघा, तुमचा कुठला अर्ज सध्या कुठल्या टेबलावर आहे.